घरच्या संगणकाची राखण : मोफत अँटीव्हायरस कसा निवडावा

(भाजे, ता. मावळ येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. वाचन, गणित, पटनोंदणी हे आपले नित्याचे विषय. संगणकाची राखण हा अभियंत्यांचा प्रांत, असे सहज वाटून जाते. परंतु शाळेचे कामकाज आता शाळेच्या भिंतींत मावत नाही. सरल आणि यू-डायसवरील माहिती, शालार्थमधील वेतनाची कामे, शिष्यवृत्तीचे अर्ज, गुणपत्रके यांपैकी बरेचसे काम शिक्षक सायंकाळी घरी नेतात आणि आपल्या स्वतःच्या संगणकावर पुरे करतात. पवन मावळात किंवा नाणे मावळात दिवसा विजेचा आणि रेंजचा खेळ चालतो, तेव्हा रात्रीचा निवांत वेळ साधावा लागतो, हे मी जाणतो.

या कामाचा अर्थ असा, की शिक्षकाच्या घरातील त्या एका यंत्रात पन्नास-साठ कुटुंबांचा ऐवज ठेवलेला असतो. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते क्रमांक हे सारे त्यात असते. एखाद्या कातकरी वाडीवरील माता शिष्यवृत्तीच्या कागदावर अंगठा उमटवते आणि खात्याचे पुस्तक विश्वासाने गुरुजींच्या किंवा बाईंच्या हाती देते. संगणकाचा विषाणू म्हणजे काय, हे तिला ठाऊक नाही आणि ते ठाऊक असण्याची अपेक्षाही नाही. तो विचार तिच्या वतीने आपण करावयाचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीला विशेष जपणूक दिली आहे. कायदा नसता तरी शिक्षकाचा धर्म हेच सांगतो.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकाचा विषाणू हा कोणी तरी बुद्धिपुरस्सर लिहिलेला प्रोग्राम असतो. तो आपणहून नकला काढतो आणि एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. वैयक्तिक संगणकांवरील पहिला प्रसिद्ध विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिला होता. तो फ्लॉपीवरून पसरे. फ्लॉपी इतिहासजमा झाली, तिची जागा पेन ड्राइव्हने, इ-मेलने आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या फाइलींनी घेतली. विषाणूंचा हेतूही बदलला. पूर्वी बहुधा खोडी काढणे हा उद्देश असे. आज पैसा हा उद्देश असतो. काही विषाणू पासवर्ड चोरतात. काही आपल्या साऱ्या फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागतात. त्यांना रॅन्समवेअर म्हणतात.

या शत्रूशी झुंजण्याच्या कामात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात कॅल्क्युलेटरची दुरुस्ती करीत असत. पुढे त्यांच्याकडे संगणक दुरुस्तीस येऊ लागले. त्यांतील अनेकांचे दुखणे यंत्राचे नसून विषाणूचे आहे, असे आढळून आले. त्यांचे धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी विषाणू काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. त्यांतून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस उभा राहिला आणि २०१६ मध्ये त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर तीच तक्रार पुनःपुन्हा येते, हे डोळसपणे पाहणे हे या साऱ्याचे बीज होते. निरीक्षणाचा यापेक्षा चांगला पाठ क्वचितच सापडेल.

अँटीव्हायरस कसा काम करतो, हे थोडे समजून घेतले म्हणजे निवड सोपी होते. त्याची पहिली रीत ओळख पटविण्याची. पोलीस ठाण्यात सराईत चोरांच्या बोटांचे ठसे असतात, तसे ज्ञात विषाणूंचे ठसे अँटीव्हायरसच्या यादीत असतात. येणारी प्रत्येक फाइल तो त्यांच्याशी ताडून पाहतो. यादी जुनी झाली, की नवा चोर सहज आत शिरतो. म्हणून ती रोज ताजी होणे आवश्यक आहे. दुसरी रीत वर्तन पाहण्याची. एखादा अनोळखी प्रोग्राम भराभर शेकडो फाइली बदलू लागला, तर यादीत त्याचे नाव नसले तरी त्यास अडविले जाते. या दोन्ही कामांसाठी पहारा अखंड जागा असावा लागतो. आठवड्यातून एकदा झाडू मारणारा आणि रात्रंदिवस दारात उभा राहणारा, यांत जो फरक आहे, तोच मागणीनुसार तपासणी आणि अखंड संरक्षण यांत आहे. काही मोफत साधने पहिल्याच प्रकारची असतात. उदाहरणार्थ, ‘मालवेअरबाइट्स’ची मोफत आवृत्ती साफसफाई उत्तम करते, परंतु अखंड पहारा देत नाही.

निवडीचा पहिला नियम मी असा सांगेन : बाजारात जाण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावे. विंडोज १० आणि विंडोज ११ या प्रणालींत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हा अँटीव्हायरस मुळातच बसविलेला असतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ही सोय आहे. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, वर्षाचे नूतनीकरण नाही. तो जागा आहे की नाही, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. स्टार्ट मेन्यूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधावे आणि त्यातील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडावे. हिरवी खूण असेल तर पहारा चालू आहे असे समजावे.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. नव्या लॅपटॉपबरोबर पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या कंपनीचा अँटीव्हायरस काही दिवसांच्या चाचणीसाठी येतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूस सरतो, कारण एका दारात दोन पहारेकरी उभे केले तर ते एकमेकांनाच अडवितात आणि यंत्र मंदावते. चाचणीची मुदत संपते, पडद्यावर नूतनीकरणाच्या सूचना येत राहतात आणि आपण त्या बंद करीत राहतो. अशा वेळी नवे ठसे येणे थांबलेले असू शकते आणि घर राखणीविना राहते. तेव्हा एक काही तरी करावे : पैसे भरून तो चालू ठेवावा, नाही तर सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन तो पूर्णपणे काढून टाकावा व संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर डिफेंडर जागा झाल्याची खूण पाहूनच उठावे.

दुसरा नियम असा, की मोफत वस्तूचा खर्च कोण सोसतो, हे विचारावे. अँटीव्हायरस बनविणाऱ्यांना शेकडो तज्ज्ञ पोसावे लागतात. काही कंपन्या मोफत आवृत्ती देऊन पुढे सशुल्क आवृत्तीची जाहिरात करतात. त्यात गैर काही नाही. परंतु ‘अव्हास्ट’ या प्रसिद्ध मोफत अँटीव्हायरसच्या कंपनीने आपल्या वापरणाऱ्यांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली, याची माहिती ‘जंपशॉट’ नावाच्या उपकंपनीमार्फत विकली होती. बभ्रा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावण्याची कारवाई जाहीर केली. पहारेकरीच घरातील गोष्टी बाहेर सांगू लागला, असा तो प्रकार होता. म्हणून कोणताही मोफत अँटीव्हायरस बसविताना ‘पुढे’ हे बटण डोळे मिटून दाबू नये. माहिती इतरांस देण्याविषयीची खूण असेल ती काढावी. बरोबर दुसरा ब्राउझर किंवा भलतेच साधन येत असेल तर नाकारावे.

नावांच्या संख्येनेही भुलू नये. ‘अव्हास्ट’ने २०१६ मध्ये ‘एव्हीजी’ घेतली. ‘नॉर्टन’च्या कंपनीने २०२१ मध्ये ‘अविरा’ घेतली आणि २०२२ मध्ये ‘अव्हास्ट’ही तीत विलीन झाली. आज ही सारी नावे ‘जेन डिजिटल’ या एकाच घराण्यातील आहेत. दुकानाच्या पाट्या चार, मालक एक.

तिसरा नियम परीक्षेचा, आणि तो शिक्षकांस सहज पटेल. कोणता अँटीव्हायरस चांगला, हे त्याच्या जाहिरातीवरून ठरवू नये. तटस्थ परीक्षकाने दिलेले गुण पाहावेत. जर्मनीत माग्डेबुर्ग येथे ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या संस्था नियमित चाचण्या घेतात आणि निकाल सर्वांसाठी विनामूल्य प्रसिद्ध करतात. त्यांत तीन गोष्टी पाहाव्यात : किती विषाणू पकडले, निरपराध फाइलींना किती वेळा चोर ठरविले, आणि संगणक किती मंदावला. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर तिसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण मंद यंत्राला वैतागून माणूस पहाराच बंद करून टाकतो. एकाच निकालावर न जाता सलग तीन-चार निकाल पाहावेत. एका घटक चाचणीवरून आपणही मुलाचे मोल ठरवीत नाही.

चौथा नियम परवान्याचा. अनेक मोफत आवृत्त्या केवळ घरगुती व वैयक्तिक वापरासाठी दिलेल्या असतात. त्या शाळेच्या संगणकावर बसविण्यापूर्वी अटी वाचाव्यात. विंडोजमधील डिफेंडरला ही अडचण नाही. सशुल्क अँटीव्हायरस फुकटात चालवून देणाऱ्या ‘क्रॅक’ फाइलींपासून तर चार हात दूर राहावे. त्या विषाणूंचे आवडते वाहन आहेत. आणि शिवाय, कॉपी करू नये असे वर्गात सांगणाऱ्याच्या संगणकात चोरीची किल्ली असणे शोभत नाही.

पाचवा नियम मूळ स्थानाचा. अँटीव्हायरस नेहमी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. एखादे पान पाहत असता अचानक तांबडी पाटी झळकते, घंटा वाजू लागते आणि ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले, येथे दाबा’ किंवा ‘या क्रमांकावर फोन करा’ असे लिहून येते. असे पान म्हणजे निव्वळ सापळा होय. संकेतस्थळाचे पान आपल्या संगणकाच्या आत डोकावून विषाणू मोजू शकत नाही. ते पान बंद करावे आणि आपल्याच अँटीव्हायरसने तपासणी करावी.

सरकारनेही या बाबतीत मोफत साहाय्य ठेवले आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर भारतीय कंपन्यांनी तयार केलेली विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. ही साधने सफाईची आहेत, नित्य पहाऱ्याची नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे.

सशुल्क अँटीव्हायरस घ्यावाच काय, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. माझे उत्तर असे : विंडोज अद्ययावत असेल, डिफेंडर जागा असेल आणि सवयी चांगल्या असतील, तर सामान्य घरास त्यावाचून अडत नाही. अडल्यावेळी फोनवर साहाय्य हवे असेल, मुलांच्या वापरावर बारीक नियंत्रण हवे असेल, तर पैसे देण्यात अर्थ आहे. मात्र पैसे भरले म्हणून निर्धास्त झोपावे, असे कोणत्याही अँटीव्हायरसबाबत नाही.

असे का, ते सांगतो. आपल्या डोक्यावर हा लोहगड उभा आहे. त्याच्या वाटेवर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापुढे एक लागतात, आणि वाट अशी वळणे घेते की एक दरवाजा पडला तरी पुढचा उभाच असतो. बांधणाऱ्यांनी एका दरवाजावर गड सोपविला नाही. संगणकाचेही तसेच आहे. अँटीव्हायरस हा एक दरवाजा. आणखी तीन आपण बांधावयाचे आहेत.

त्यांतील पहिला, मूळ प्रणालीची दुरुस्ती म्हणजे अपडेट. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर सुटला आणि सुमारे दीडशे देशांत पसरला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, १४ मार्च रोजीच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती, ते सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला; त्याने युरोपात सुरू होऊन आपल्या घाटाखालच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तेव्हा ‘अपडेट नंतर करू’ हा शब्द आपल्या कोशातून काढावा.

येथेच जुन्या प्रणालींचा प्रश्न येतो. विंडोज ७ ला दुरुस्ती मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, विंडोज ८.१ ला १० जानेवारी २०२३ रोजी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती संगणकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय जाहीर झाली. भिंतीला भगदाड असताना दाराशी कितीही चांगला पहारेकरी ठेवला तरी उपयोग नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि विद्यार्थ्यांची माहिती ठेवू नये. यंत्र झेपत असेल तर विंडोज ११ घ्यावे. नसेल तर ‘उबुंटू’ किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ यांसारखी मोफत लिनक्स प्रणाली जाणत्याकडून बसवून घ्यावी.

दुसरा दरवाजा सवयीचा. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह घरी येताच त्यावर उजवी कळ दाबून आधी तपासणी करावी, मग उघडावा. आपली फोल्डरे नाहीशी होऊन त्याच नावांचे शॉर्टकट दिसू लागले, तर त्यांवर दाबू नये; बहुधा मूळ फोल्डरे केवळ लपविलेली असतात आणि शॉर्टकट हाच विषाणूचा उंबरठा असतो. फाइलीचे पूर्ण नाव दिसेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे ‘गुणपत्रक.पीडीएफ.ईएक्सई’ असे सोंग ओळखता येते. घरातील मुलांसाठी संगणकावर वेगळे साधे खाते उघडावे. त्या खात्यातून नवीन प्रोग्राम बसविण्यास मोठ्यांचा पासवर्ड लागतो. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाइल उघडू नये. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखविणारे अ‍ॅप घेऊ नये. आपणच दार उघडून दिले, तर अँटीव्हायरस बिचारा काय करणार?

तिसरा दरवाजा प्रतीचा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि प्रत घेऊन होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या डिस्कला पासवर्ड असावा आणि काम संपलेल्या याद्या घरी साठवून ठेवू नयेत. जे घरात नाही, ते चोरीस जाऊ शकत नाही.

पहारेकरी खरोखर जागा आहे की नाही, हे पाहण्याची एक निरुपद्रवी युक्तीही आहे. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल मिळते. तिच्यात विषाणू नाही. परंतु जगातील अँटीव्हायरसांनी तिला विषाणू मानून ओरडावे, असा संकेत ठरलेला आहे. ती उतरवून घेताना आपला अँटीव्हायरस गप्प बसला, तर तो झोपला आहे असे समजावे.

इतके करूनही घात झालाच, तर लाजून गप्प बसू नये. संगणकाचे इंटरनेट तोडावे. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत थोपविण्याची शक्यता अधिक. विद्यार्थ्यांची माहिती त्या यंत्रात असेल तर मुख्याध्यापकांस आणि कार्यालयास त्याच दिवशी सांगावे. अशी माहिती देणाऱ्या शिक्षकाकडे अपराधी म्हणून पाहिले जाऊ नये, असे मी येथील केंद्रप्रमुखांना आग्रहाने सांगतो. भीतीपोटी दडविलेली गोष्ट पालकांना अधिक महाग पडते.

मित्रहो, आपणांस एवढीच विनंती, की येत्या रविवारी अर्धा तास काढावा. विंडोजची आवृत्ती पाहावी, अपडेट लावावे, मुदत संपलेला अँटीव्हायरस काढावा, हिरवी खूण पाहावी आणि एक प्रत काढून कपाटात ठेवावी. यांतील एकाही कामास पैसा लागत नाही; प्रतीसाठी डिस्क नसेल तर तेवढी मात्र घ्यावी लागेल. ज्यांना हे जमते, त्यांनी शेजारच्या शाळेतील एका सहकाऱ्यास दाखवावे. अंगठा उमटवून निर्धास्त घरी जाणाऱ्या त्या मातेला आपण काय केले, हे कधी कळणार नाही. आपणांस मात्र ते ठाऊक असेल.